पहिलं पात्र घडवताना: ‘बाल्डर्स गेट ३’ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, की व्याख्यानमालेत कॉम्प्युटर गेम कुठून आला? विचारणं रास्त आहे. पण गेल्या वर्षभरात आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न कुठल्या ग्रंथाबद्दल नव्हता, तो हा होता: “गेम घेतला, सुरू केला, पात्र बनवायचा पडदा आला आणि तिथेच अडकलो. काय निवडू?” तेव्हा आज त्या एका पडद्याबद्दलच बोलू. गेमची गोष्ट सांगणार नाही, शेवट तर मुळीच फोडणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘बाल्डर्स गेट ३’ हा बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लारियन स्टुडिओज या कंपनीचा गेम. ऑगस्ट २०२३ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला. त्याच्या पोटात जे नियम आहेत ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे. हा टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. आज त्याची पाचवी आवृत्ती चालते आणि हा गेम, थोडे फेरफार करून, तीच वापरतो. हे सांगायचं कारण एवढंच, की तुम्ही पडद्यावर तलवार फिरवता तेव्हा आत खरं तर वीस बाजूंचा एक फासा पडत असतो. बटण किती चपळाईने दाबलं याला इथे काडीची किंमत नाही. आकड्यांना आहे. आणि त्यातले बरेचसे आकडे त्या पहिल्या पडद्यावर ठरतात.

आमच्या गटात एक ताई आहेत. तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, आता निवृत्त. मुलगा जर्मनीत. रविवारी फोन व्हायचा, पण ‘जेवलास का, थंडी किती आहे’ याच्या पुढे गाडी जायची नाही. मुलानेच सुचवलं, की आई, आपण दोघं मिळून हा गेम खेळू, दर रविवारी दोन तास. ताईंनी पात्र बनवलं: फायटर, म्हणजे सरळ तलवारबाज. आणि पहिल्या तीन रविवारी काय झालं? प्रत्येक लढाईत ताई तिसऱ्या-चौथ्या फेरीत जमिनीवर. मुलगा स्वतःची चाल सोडून धावत यायचा, त्यांना उठवायचा. शेवटी तो म्हणाला, “आई, तू मागे थांब, मी बघतो.” ताई आम्हाला म्हणाल्या, “मागेच थांबायचं तर मी फोनवरच बरी होते की.” त्या गेम सोडायच्या बेतात होत्या. कारण काय? तर ‘हे आपल्या वयाला जमणारं नाही.’

आम्ही त्यांचं पात्र उघडून बघितलं. वयाचा काही संबंध नव्हता. बेरीज चुकली होती.

ती बेरीज आता नीट समजून घेऊ. प्रत्येक पात्राला सहा गुण असतात. स्ट्रेंग्थ म्हणजे अंगातलं बळ. डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा. इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, पाठांतर, अभ्यास. विझ्डम म्हणजे समज, आसपासचं भान. आणि करिष्मा, हा शब्द आपल्याकडे तसाच चालतो. सगळे गुण ८ पासून सुरू होतात आणि वाटायला तुमच्या हातात २७ पॉइंट असतात. १३ पर्यंत चढताना प्रत्येक पायरीला एक पॉइंट. १४ आणि १५ या पायऱ्या महाग, प्रत्येकीला दोन. म्हणजे एखादा गुण १५ वर न्यायला ९ पॉइंट लागतात. त्याच्या पुढे खरेदी बंद. वरून दोन बक्षिसं मिळतात: एका गुणाला अधिक २, दुसऱ्या एकाला अधिक १. ती कुठे लावायची हेही तुमच्याच हातात.

गंमत अशी, की फाशात मिसळतो तो हा गुण नव्हे, त्यातून निघणारा ‘मॉडिफायर’. गुणातून १० वजा करा, दोनने भागा आणि उत्तर खालच्या पूर्णांकावर आणा. १० ला शून्य, १२ ला अधिक १, १४ ला अधिक २, १६ ला अधिक ३. आणि ८ ला उणे १. याचा अर्थ १३ आणि १२ यांची किंमत जवळपास एकच. विषम आकडा म्हणजे अर्धी चढलेली पायरी.

ताईंनी काय केलं होतं? गणिताच्या शिक्षिका, कोणावर अन्याय नको. १३, १३, १३, १२, १२, १२. बेरीज करून बघा, बरोब्बर २७. आणि मोठं बक्षीस, ते अधिक २, लावलं बुद्धीला. “बुद्धी तर लागतेच ना,” म्हणाल्या. धाकटं बक्षीस समजेला. वर्गाच्या दृष्टीने अगदी गुणी विद्यार्थी! फक्त हा विद्यार्थी तलवारबाज होता आणि तलवारीला त्याची बुद्धी दिसत नाही. तलवार बघते फक्त बळ.

आता समजा, समोरच्या शत्रूचा आर्मर क्लास १५ आहे. आर्मर क्लास म्हणजे वार लागायला जो आकडा गाठावा लागतो तो. तुमचा आकडा असा बनतो: वीस बाजूंचा फासा, अधिक मॉडिफायर, अधिक शस्त्र सरावाचा बोनस, जो सुरुवातीला २ असतो. ताईंचं बळ १३, मॉडिफायर १, एकूण अधिक ३. म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. वीसपैकी नऊ शक्यता, ४५ टक्के. त्याच फायटरला आपण बळ १७ देऊ: १५ पर्यंत विकत आणि २ बक्षीस. मॉडिफायर ३, एकूण अधिक ५. फाशावर १० पुरे. वीसपैकी अकरा, ५५ टक्के.

“एवढंच? दहा टक्क्यांसाठी एवढा आटापिटा?” असं ताईपण म्हणाल्या होत्या. थांबा. तोच मॉडिफायर जखमेतही मिसळतो. आठ बाजूंच्या फाशाची लांब तलवार सरासरी साडेचारचा घाव घालते. ताईंचा घाव झाला साडेपाच, दुसऱ्या फायटरचा साडेसात. आता दहा वार धरा. ताईंकडून शत्रूचं रक्त जाईल साधारण २५ पॉइंट, दुसऱ्याकडून ४१. वीस पडल्यावर जो जबरी घाव बसतो तो इथे धरलेला नाही. क्लास तोच, तलवार तीच, खेळणारी व्यक्ती तीच, आणि काम जवळजवळ पावणेदोनपट. लढाई लांबली की शत्रूलाही जास्त वार करायला मिळतात. ताई पडत होत्या त्या यामुळे. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते पहिल्या पडद्यावर असं दिसतं.

तेव्हा आमचा सल्ला एकच आहे, बाकी सगळी त्याची टीप: आधी ठरवा, तुमचं पात्र रोजच्या रोज कोणतं एक काम करणार. त्या कामाचा गुण १६ किंवा १७ करा. काटकपणा १४ च्या खाली जाऊ देऊ नका. आणि मग दोन-तीन गुण खुशाल ८ वर सोडून द्या. हे शेवटचं लोकांना जड जातं. ८ बघितलं की आपल्याला नापास वाटतं. अहो, उणे १ म्हणजे फाशावर एक घर, पाच टक्के. त्या कामाला पुढे दुसरं कोणी करावं.

कोणत्या क्लासला कोणता गुण, हे पाठ करायची गरज नाही. पडद्यावर मुख्य गुणाशेजारी छोटा तारा असतो. तरी ओझरतं सांगतो. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन: बळ. रोग, रेंजर, मंक: चपळाई. विझार्ड: बुद्धी. क्लेरिक आणि ड्रुइड: समज. बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक: करिष्मा.

काटकपणावर मात्र थोडं थांबू, कारण तो कोणाचाच मुख्य गुण नाही आणि म्हणून सगळ्यांकडून राहून जातो. पहिल्या लेव्हलला विझार्डच्या अंगात ६ अधिक काटकपणाचा मॉडिफायर, एवढाच जीव असतो. काटकपणा १४ असेल तर ८. काटकपणा ८ ठेवला तर ५, म्हणजे एका बऱ्या बाणात खेळ खलास. शिवाय बरेच मोठे मंत्र ‘कॉन्सन्ट्रेशन’वर चालतात. मंत्र सुरू असताना मार बसला की काटकपणाचा फासा पडतो. कमीत कमी १० गाठावे लागतात, मार मोठा असेल तर त्याच्या निम्मे. हुकलात की मंत्र मोडला. म्हणून विझार्डलाही दंड-बैठका काढणं भाग आहे.

चपळाईचंही या गेममध्ये खास आहे. लढाईत आधी कोण, हे टेबलावरच्या खेळात वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. इथे तो फासा चार बाजूंचा आहे. चारच्या फाशात अधिक २ म्हणजे केवढं वजन, बघा. टेबलावर खेळलेले जुने लोकही इथे फसतात. तुमच्याकडे पॉइंट उरले आणि कुठे टाकावे कळेना, तर चपळाईत टाका.

आता क्लास कोणता घ्यावा? इथे नवखे लोक एकटेपणाने विचार करतात, आणि गेम तर चौघांचा आहे. वाटेत तुम्हाला सोबती भेटतात आणि प्रत्येक जण आपला धंदा घेऊन येतो. शॅडोहार्ट क्लेरिक, लेझेल फायटर, अस्टारियन रोग, गेल विझार्ड, विल वॉरलॉक, कार्लाक बार्बेरियन. म्हणजे कुलूप उघडणारा, औषधपाणी करणारी, आगीचे गोळे फेकणारा हे सगळं मिळणारच आहे. मिळत नाही ते एकच: तुमच्या वतीने बोलणारा. संवादात फासा त्याचा पडतो ज्याने बोलणं सुरू केलं, आणि बहुतेक वेळा ते तुमचंच पात्र असतं. पटवणं, थाप मारणं, दरडावणं, तिन्ही कामं करिष्म्याची. कित्येक लढाया नुसत्या बोलण्याने टळतात, काही तर अशा की टळल्या नाहीत तर पहिल्या दोन लेव्हलला निभावणं कठीण.

म्हणून अगदी नवख्याने काय घ्यावं असं विचारलंत, तर आमचं मत पॅलाडिन. जड चिलखत घालता येतं, तलवार चालते, हाताच्या स्पर्शाने जखम भरता येते आणि तोंडही चालतं. पॉइंट असे लावा: बळ १५, करिष्मा १५, काटकपणा १४, चपळाई १०, बाकी दोन ८. नऊ, नऊ, सात, दोन, झाले २७. बक्षिसं: बळाला २, करिष्म्याला १. हाती येतं बळ १७, करिष्मा १६. बळाची ती अर्धी पायरी मुद्दाम ठेवलेली आहे. चौथ्या लेव्हलला ‘फीट’ मिळतं, त्यात ‘हेवी आर्मर मास्टर’ घेतलंत की बळ एकने वाढून १८ होतं आणि वर जड चिलखतातून साधा मारही कमी लागतो. एक पथ्य आहे: पॅलाडिनने शपथ घेतलेली असते. निरपराध माणसावर हात उचललात तर ती मोडते आणि गेम ते विसरत नाही.

विझार्ड घेऊ नका असं आम्ही म्हणत नाही. पण त्याला विश्रांती लागते. त्याचे मोठे मंत्र मोजके. संपले की ते सगळे परत मिळवायला रात्रभर तळावर झोपावं लागतं. नवखा माणूस ‘वेळ जाईल, काहीतरी हुकेल’ या भीतीने झोपतच नाही आणि रिकाम्या हातांचा विझार्ड काठी घेऊन मारामारी करायला जातो. बळ ८ असलेल्याची काठी आर्मर क्लास १५ ला शंभरात पस्तीस वेळा लागते. त्यापेक्षा ‘फायर बोल्ट’ हा फुकटचा मंत्र फेकावा. तो कधीच संपत नाही आणि बुद्धीवर चालतो.

चिलखताचा एक सापळा सांगायलाच हवा, कारण आम्ही सगळेच त्यात पडलो आहोत. गेल सारखा मरतो म्हणून आमच्यातल्या एकाने प्रेमाने त्याला जड चिलखत चढवलं. पुढच्या लढाईत त्याचे सगळे मंत्र करडे पडलेले, एकही दाबता येईना. तासभर आम्हाला वाटत होतं, गेममध्येच काही बिघाड आहे. बिघाड नव्हता. ज्या चिलखताचा सराव, म्हणजे ‘प्रोफिशिअन्सी’, तुम्हाला नाही ते घातलंत तर मंत्र बंद आणि वारही अवघड. वस्तूच्या माहितीत हे लिहिलेलं असतं, आपण आर्मर क्लासचा मोठा आकडा बघतो आणि पुढे वाचत नाही.

वंशाबद्दल फार चिंता करू नका. पूर्वी ठरावीक वंशाला ठरावीक गुण मिळायचे, त्यामुळे एल्फ असलं तर हेच आणि ड्वार्फ असलं तर तेच, अशी बांधिलकी होती. या गेमने ती काढून टाकली. तरी दोन गोष्टी लक्षात असू द्या. माणूस आणि हाफ-एल्फ यांना ढालीचा सराव जन्मतःच असतो, त्यामुळे माणूस असलेला विझार्ड बिनधास्त ढाल धरतो. आणि हाफलिंगला नशीब असतं: फाशावर १ पडला की पुन्हा टाकायला मिळतो. पार्श्वभूमी निवडताना मात्र बोलणाऱ्या पात्राला ‘नोबल’ किंवा ‘गिल्ड आर्टिझन’ द्या, दोन्हींत पटवण्याचं कसब येतं.

आणि एक मोह टाळा. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला गेम विचारतो, दुसरा क्लास जोडायचा का? थोडा फायटर, थोडा रोग, थोडा विझार्ड, मजा वाटते. ताईंचे ते १३-१३-१२ आठवा, तीच चूक दुसऱ्या दाराने येते. पाचवी लेव्हल हा या गेममधला सर्वांत मोठा चढ आहे. फायटर, पॅलाडिन, बार्बेरियन, रेंजर, मंक यांना तिथे एका चालीत दोन वार मिळतात, विझार्डला ‘फायरबॉल’. पण हे त्या-त्या क्लासच्या पाचव्या लेव्हलला. तीन फायटरच्या आणि दोन रोगच्या अशा पाच झाल्या, तर हाती काहीच नाही. एकूण लेव्हल बाराच आहेत. पाचपर्यंत सरळ जा, मग काय प्रयोग करायचे ते करा.

हे सगळं ऐकून आता कोणाला भीती वाटत असेल, की माझं तर आधीच चुकलंय. गेममध्ये विदर्स नावाचा एक हाडकुळा म्हातारा आहे. जहाज कोसळतं त्या किनाऱ्याजवळच्या भग्न वास्तूखाली एका तळघरात तो सापडतो. नाही सापडला तर पुढे आपणहून तळावर येऊन उभा राहतो. त्याला १०० सोन्याची नाणी द्या. तो पात्र पहिल्या लेव्हलपासून पुन्हा मांडू देतो: क्लास, गुण, सगळं. मिळवलेला अनुभव जात नाही. सोबत्यांचंही करता येतं. वंश आणि पार्श्वभूमी तेवढी बदलत नाही. शंभर नाणी सुरुवातीच्या तास-दोन तासांत जमतात. (त्याचा खिसा कापून ती परत मिळवणारे महाभाग आहेत. आम्ही नावं घेणार नाही.)

ताईंना आम्ही विदर्सकडेच पाठवलं. फायटरचा पॅलाडिन झाला, बुद्धी १४ वरून ८ वर आली. त्यांनी वहीत स्वतः गणित मांडून पडताळलं, मगच नाणी दिली.

वेळ झालीये, एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न आला आहे: वार लागायचे टक्के दिसतात, पण ८० टक्के असूनही तीनदा हुकतं, असं का? ८० टक्के म्हणजे पाचातला एक वार हुकणार, आणि सलग तीन हुकणं सव्वाशेत एकदा होणारच. शंभर तासांच्या खेळात तुम्ही हजारो फासे टाकता. सेटिंगमध्ये ‘कार्मिक डाइस’ नावाची सोय सुरुवातीपासून चालू असते, ती लांबलेलं दुर्दैव तोडते. शुद्ध फासा हवा असेल तर ती बंद करा, पण मग तक्रार करायची नाही.

दुसरा प्रश्न चांगला आहे: असा हिशेब करून बनवलं तर सगळ्यांची पात्रं एकसारखीच होणार ना? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. झालं उलटं. ताईंचा जुना फायटर कशातच वाईट नव्हता, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणाला काही आठवत नाही. नव्या पॅलाडिनची बुद्धी ८. जुनी पोथी दिसली, भिंतीवरची लिपी दिसली, की फासा पडतो आणि बाईंना ओ की ठो कळत नाही. तीस वर्षं वर्गात शिकवलेल्या ताई आता मुलाला विचारतात, “अरे, इथे काय लिहिलंय?” मुलाचा विझार्ड वाचून दाखवतो. मग दार उघडतं, आत चार जण तलवारी उपसून उभे असतात, आणि ताई म्हणतात, “तू मागे थांब, मी बघते.”